लेकीच्या फ्लोरिडातल्या घराच्या कागदात ‘सीडीडी’चे वर्षाला २,३८० डॉलर, हे नक्की कशाचे?

विद्या_कोथरूड

नमस्कार. प्रश्न पुण्याचा नाहीये पण इथल्या निम्म्या लोकांची मुलं तिकडेच आहेत म्हणून इथेच विचारते. लेक-जावई टँपाच्या उत्तरेला पास्को काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हाच म्हणा) घर घेतायत, रीसेलचं, वसाहत साधारण दहा वर्षांची. मी बँकेत बत्तीस वर्षं काढली त्यामुळे लेकीने कागद मलाही पाठवले, म्हणाली आई तू एकदा डोळ्याखालून घाल. घातले. घराची किंमत, व्याज, इन्शुरन्स (तो बघूनच चक्कर आली) ते सगळं कळलं. पण प्रॉपर्टी टॅक्सच्या खाली एक वेगळी ओळ आहे, सीडीडी, वर्षाला २,३८० डॉलर. त्यात परत दोन तुकडे, १,४५० कर्जफेड आणि ९३० देखभाल. आणि याशिवाय एचओए म्हणून महिन्याला ८५ डॉलर आहेतच!

आता मला सांगा, कर्जफेड कुणाच्या कर्जाची? यांनी अजून घर घेतलं पण नाही. एजंट बाई म्हणते सगळीकडे असतं, काळजी करू नका. हे वाक्य ऐकलं की मला हटकून काळजी वाटते, बँकेची सवय. जावई म्हणतो आपल्याकडच्या सोसायटी मेंटेनन्ससारखंच आहे ते. मला तसं वाटत नाही, कारण आपला मेंटेनन्स काही महापालिकेच्या बिलात येत नाही. हे पैसे नक्की कोण घेतं, कुठे जातात, आणि उद्या वाढले तर कुणाची मानगूट धरायची? तिथे राहणारं कोणी आहे का इथे?

पेठेतला

जावई बरोबर सांगतोय. मेंटेनन्सच तो, डॉलरमधे. भरा आणि विषय संपवा.

तळ्याकाठचा

@पेठेतला नाही हो, तिथेच तर गंमत आहे. मी मूळचा नारायण पेठेतला, गेली अकरा वर्षं टँपाच्या बाहेर एका सीडीडीतच राहतो त्यामुळे हे बिल मी दर नोव्हेंबरला बघतो आणि दर नोव्हेंबरला मला तेवढाच राग येतो.

काकू, तुमची शंका अगदी बरोबर आहे. सीडीडी म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट डिस्ट्रिक्ट, ही सोसायटी नाहीच, हे एक छोटं सरकार आहे. खरंखुरं. फ्लोरिडाने १९८० मधे त्यासाठी कायदा केला, तिथल्या कायद्याच्या पुस्तकातलं १९० वं प्रकरण. बिल्डरला हजार घरांची वसाहत बांधायची असते, जागा म्हणजे संत्र्यांची बाग नाहीतर गायरान, तिथे रस्ता नाही, ड्रेनेज नाही, पाण्याची लाईन नाही. काउंटी म्हणते आमच्या बाकीच्या टॅक्स भरणाऱ्यांनी तुझ्या वसाहतीचा खर्च का करायचा. मग बिल्डर काउंटीकडे अर्ज करतो, काउंटी ठराव करते आणि तेवढ्या हद्दीपुरता एक डिस्ट्रिक्ट जन्माला येतो. या डिस्ट्रिक्टला बॉन्ड म्हणजे कर्जरोखे काढता येतात, म्युनिसिपल बॉन्ड, ज्याच्या व्याजावर इन्कम टॅक्स लागत नाही त्यामुळे स्वस्तात पैसा उभा राहतो. त्या पैशातून रस्ते, गटारं, पावसाच्या पाण्याची तळी, क्लब हाऊस, जे काय असेल ते. आणि ते बॉन्ड फेडायचे कुणी, तर त्या हद्दीत ज्याचा प्लॉट आहे त्याने, वर्षानुवर्षं, साधारण तीस वर्षं.

म्हणजे ते १,४५० तुमच्या लेकीच्या कर्जाचे नाहीत, ते जमिनीच्या कर्जाचे आहेत. मालक बदलतो, कर्ज प्लॉटला चिकटून राहतं. पहिल्या विक्रीच्या करारात हे ठळक अक्षरात छापावंच लागतं असा कायदा आहे, पण तुमचं घर रीसेलचं, म्हणून त्यांना ती ठळक ओळ दिसली नसणार आणि एजंट बाई कशाला दाखवेल.

उरलेले ९३० म्हणजे ओअँडएम, चालवायचा खर्च. यात तळ्यांची देखभाल, सार्वजनिक गवत कापणं, रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल, इन्शुरन्स, वकील, इंजिनिअर, ऑडिट आणि डिस्ट्रिक्ट मॅनेजर. हा आकडा दर वर्षी ठरतो, तो वाढू शकतो. कर्जफेडीचा आकडा मात्र ठरलेला असतो आणि बॉन्ड फिटले की तो शून्य होतो. बऱ्याच ठिकाणी ती कर्जाची बाकी एकरकमी भरून मोकळं पण होता येतं, त्यामुळे लेकीला सांगा की आधी विचार, या प्लॉटवर बॉन्डची बाकी किती आणि शेवटचा हप्ता कोणत्या वर्षी. घराची किंमत ठरवताना ही बाकी किमतीतच धरायची. लोक धरत नाहीत. शेजारच्या जुन्या वसाहतीत तेवढंच घर थोडं महाग दिसतं म्हणून इथे घेतात आणि मग तीस हजार डॉलरचं दुसऱ्याचं कर्ज खांद्यावर घेऊन बसतात.

एचओए, म्हणजे होमओनर्स असोसिएशन, वेगळी. ती तुमची सोसायटी. घराला कुठला रंग, गवत किती वाढलं, दारात बोट लावली म्हणून नोटीस, हे तिचे उद्योग. सीडीडीला ते अधिकारच नाहीत. ना झोनिंग, ना पोलीस. तिने फक्त बांधायचं आणि सांभाळायचं.

बिलाबद्दल एक सांगतो, ते काउंटीच्या टॅक्स बिलात येतं आणि नोव्हेंबरात भरलं तर ४ टक्के सूट, डिसेंबरात ३, जानेवारीत २, फेब्रुवारीत १, मार्चमधे पूर्ण. आपल्याकडे एरवी ३१ मेच्या आत भरलं की सूट मिळते ना, त्याचाच भाऊ. आणि १ एप्रिलपासून थकबाकी. मॉर्टगेज असलं तर बँकच हप्त्यातून कापून भरते.

विद्या_कोथरूड

अगोबाई. म्हणजे सहकर्जदार न होता कर्जदार. एवढं स्वच्छ एजंट बाईने सांगितलं असतं तर!

@तळ्याकाठचा तुम्ही म्हणताय दर वर्षी आकडा ठरतो, तो ठरवतं कोण? बिल्डर की आणखी कोणी? आणि माझी मुलगी तिथे गेली तर तिचं कोणी ऐकेल का? अजून ग्रीन कार्डची लाईन चालू आहे त्यांची.

फेज२_सेक्रेटरी

मी मधेच घुसते, सॉरी, पण हे वाचून माझा जीव जळला म्हणून लिहितेय. सिंहगड रोडच्या बाजूला आमचा एक प्रोजेक्ट आहे, एकाच लेआऊटमधे तीन फेज, तीन वेगळ्या सोसायट्या. आतला रस्ता कॉमन, त्यावरचे दिवे कॉमन, गार्डन कॉमन, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) कॉमन. कागदावर बिल्डरने तिन्ही सोसायट्यांची मिळून एक फेडरेशन करून कॉमन गोष्टी तिच्या नावावर करून द्यायच्या होत्या. आमच्या फेजचं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) सुद्धा अजून झालं नाही, फेडरेशन तर दूरच, आणि बिल्डर सध्या दुसऱ्याच कुठल्या तरी नावाने दुसरीकडे बांधतोय.

एसटीपी आमच्या फेजच्या बेसमेंटमधे आहे म्हणून तो ‘आमचा’ असं बाकीच्यांचं म्हणणं. गेल्या उन्हाळ्यात त्याचा ब्लोअर जळला. जळला म्हणजे काय होतं माहितीये का, हवा जात नाही, टाकीतले जंतू मरतात आणि दोन दिवसांत पार्किंगमधे असा वास सुटतो की लोक गाडी काढायला नाकाला रुमाल लावून धावत जातात. मी तिन्ही ग्रुपवर मेसेज टाकला. फेज १ म्हणे आमची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे. फेज ३ म्हणे आम्ही फ्लॅटच्या संख्येवर देऊ, फेज १ म्हणे एरियावर देऊ, कारण त्यांचे फ्लॅट लहान. आठ दिवस यावर चर्चा. आठ दिवस! शेवटी आमच्या सिंकिंग फंडातून उचलायची वेळ आली, आता त्यालाही जनरल बॉडीचा ठराव लागतो आणि तो फंड म्हणजे बिल्डिंगच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाव टक्का, तो काय ब्लोअरसाठी नसतो. पण वास थांबवायचा होता. फेज १ चे पैसे अजून यायचेत.

मला यातलं बॉन्ड-बिंड काही कळत नाही पण एक गोष्ट कळली, की त्या तळ्याकाठच्या दादांच्या वसाहतीत तो ब्लोअर कुणाचा हे कागदावर लिहिलेलं आहे आणि पैसे आधीच टॅक्सच्या बिलातून आलेले आहेत. न भरणाऱ्याच्या दारात सेक्रेटरीला जावं लागत नाही. मी रविवारी सकाळी डिफॉल्टरच्या दारात उभी असते, आतून टीव्हीचा आवाज येतो आणि कोणी दार उघडत नाही.

तळ्याकाठचा

@फेज२_सेक्रेटरी ताई तुमचं दुःख कळतं, वसुलीबाबत तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. इथे कोणी भरलं नाही तर टॅक्स कलेक्टर १ जूनच्या आसपास त्या थकबाकीची सर्टिफिकेटं लिलावात विकतो, कोणीतरी गुंतवणूकदार ती घेतो आणि वसुली त्याची डोकेदुखी. मॅनेजरला कोणाची बेल वाजवावी लागत नाही. पण इतकं पण सोनेरी नाहीये, पुढे वाचा.

@विद्या काकू, ठरवतो बोर्ड. पाच जण, त्यांना सुपरवायझर म्हणतात. सुरुवातीला ही निवडणूक जमीनमालकांची असते आणि हिशोब असा की एका एकराला एक मत. एकराला! माणसाला नाही. आता सुरुवातीला सगळी जमीन कुणाची? बिल्डरची. मग पाचही खुर्च्यांवर बिल्डरची माणसं, तीच बॉन्ड काढतात, तीच कंत्राटं देतात, आणि फेडायला नंतर येणारे आपण. हे सगळं कायदेशीर आहे आणि कोणी लपवत पण नाही. सहा वर्षं झाली आणि हद्दीत अडीचशे नोंदलेले मतदार झाले, दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की खुर्च्या हळूहळू रहिवाशांकडे येतात, आधी दोन, मग पुढच्या निवडणुकांना बाकीच्या, काउंटीच्या नोव्हेंबरच्या नेहमीच्या मतदानातच. तुमची वसाहत दहा वर्षांची आहे तर बहुतेक आता बोर्डावर शेजारीपाजारीच असतील.

आता दुखरी जागा. त्या मतदानाला मतदार म्हणजे अमेरिकन नागरिक लागतो. लेक-जावई टॅक्स पूर्ण भरणार, मत मात्र नाही. माझं पण तेच होतं सात वर्षं. पण मीटिंगला जायला नागरिकत्व लागत नाही, तिथे बोलायला पण लागत नाही. नोटीस आधी प्रसिद्ध करावी लागते, मीटिंग सगळ्यांना खुली, आणि लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. बजेटचा मसुदा १५ जूनच्या आत मांडायचा, मग त्यावर जाहीर सुनावणी, आणि १ ऑक्टोबरपासून नवीन वर्ष सुरू. आकडा वाढवायचा असेल तर घरी पत्र येतं. त्या सुनावणीला जायचं, हीच मानगूट.

आणि एक कायदा आहे ज्याच्यावर माझा फार जीव आहे, सनशाईन लॉ म्हणतात, १९६७ चा. बोर्डातल्या दोघांनी सुद्धा बोर्डाच्या विषयावर मीटिंगच्या बाहेर बोलायचं नाही. फोनवर नाही, ईमेलवर नाही, पूलमधे पाय सोडून बसल्या बसल्या पण नाही. माझ्या समोरच्या घरात एक सुपरवायझर आणि दोन घरं सोडून दुसरा, दोघं एकत्र मासे पकडायला जातात आणि म्हणे तळ्याचा विषय निघाला की एकमेकांकडे बघून गप्प बसतात. कल्पना करा आपल्या सोसायटीच्या कमिटीला हे लावलं तर. निम्म्या कमिट्या मुक्या होतील. त्यांची ईमेल पण सार्वजनिक रेकॉर्ड, कोणीही मागू शकतं.

मानधन मीटिंगला जास्तीत जास्त २०० डॉलर, वर्षाला ४,८०० च्या वर नाही. आमच्याकडचे दोघं तेही घेत नाहीत.

काम कसं चालतं विचाराल तर बोर्ड स्वतः काही करत नाही, डिस्ट्रिक्टचा पगारी माणूस बहुतेक ठिकाणी एकही नसतो, सगळं कंत्राटावर. मॅनेजर कंत्राटी, वकील कंत्राटी, माळी कंत्राटी. आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी तळी. लोकांना वाटतं तळं म्हणजे शोभेला, ‘वॉटर व्ह्यू’ म्हणून जादा पैसे देऊन प्लॉट घेतात. मी पण दिले. प्रत्यक्षात ते पावसाच्या पाण्याचं यंत्र आहे. फ्लोरिडा सपाट, पाणी जायला उतार नाही, म्हणून छपरावरचं आणि रस्त्यावरचं पाणी पाइपातून तळ्यात, तिथे गाळ खाली बसतो आणि मग सिमेंटच्या एका चौकोनी डब्यातल्या भोकातून हळूहळू पुढे सोडतात. त्या भोकाचा आकार सुद्धा परमिटमधे लिहिलेला असतो. परमिट देणारं वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट, राज्यात अशी पाच आहेत, आमच्याकडच्याला लोक ‘स्विफ्टमड’ म्हणतात, आणि ते पण सीडीडीसारखं एक स्पेशल डिस्ट्रिक्टच (ठराविक कामापुरतं सरकार), म्हणजे डिस्ट्रिक्टवर डिस्ट्रिक्ट.

आमच्या मागच्या तळ्याचा काठ ढासळायला लागला तेव्हा मी पहिल्यांदा मीटिंगला गेलो. कारण काय तर लोकांनी आपापल्या छपराचे पाइप थेट काठावर सोडलेले, वर माळी मशीन पार पाण्याच्या कडेपर्यंत न्यायचा, त्यामुळे पाण्यातली झुडपं गेली आणि माती धरायला काही राहिलं नाही. इंजिनिअरने नकाशा लावून दाखवलं, कुठे किती फूट गेलं. कोणी म्हणालं दगड टाका, कोणी म्हणालं जाळीच्या मातीच्या पिशव्या. तीन भाव आले, सगळे पडद्यावर. एक आजोबा उठले आणि म्हणाले मी तळ्यापासून लांब राहतो, मी का भरू. वकिलाने शांतपणे सांगितलं तुमच्या छपराचं पाणी पण त्याच तळ्यात जातं. विषय संपला. ओअँडएम मात्र पुढच्या वर्षी ११२ डॉलरने वाढला आणि मीच तिथे हात वर करून ‘करा’ म्हणालो होतो त्यामुळे बायको अजून ऐकवते.

पेठेतला

मान्य, माझं चुकलं, मेंटेनन्स नाही ते. पण ते पाण्याचं यंत्र वगैरे वाचून आठवलं, २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. आंबील ओढ्याला पाणी आलं तेव्हा आमची बहीण अरण्येश्वरला राहायची, तळमजल्यावरचं सगळं गेलं, गाड्या एकमेकींवर चढलेल्या. सकाळी सगळे एकच विचारत होते, या ओढ्याकडे बघायचं काम कुणाचं. ज्याला त्याला विचारलं तो दुसऱ्याचं नाव सांगत होता. म्हणून विचारतो, तुमच्या त्या भोकात कचरा अडकला आणि पाणी घरात आलं तर तिथे कोणाचं नाव लिहिलेलं असतं?

तळ्याकाठचा

डिस्ट्रिक्टचं. परमिटवर तेच नाव असतं, देखभालीची जबाबदारी त्यांची. वादळाच्या आधी मॅनेजरचा माणूस ती सगळी भोकं बघून जातो. वादळात आलेलं सगळंच पाणी त्यात मावतं असं नाही हं, ते तेवढ्यासाठी बांधलेलंच नसतं.

कँपवाला

मंडळी फ्लोरिडापर्यंत जायची गरज नाही, आपल्याच पुण्यात असला वेगळा कारभार १८१७ पासून आहे. एम. जी. रोडवर खरेदीला येता ना, तो महापालिकेत नाही, पुणे कँटोन्मेंट बोर्डात आहे. खडकीचं वेगळं, देहूरोडचं वेगळं. कायदा २००६ चा, केंद्राचा, संरक्षण खात्याखाली. बोर्डाचा अध्यक्ष पदसिद्ध, म्हणजे लष्कराचा स्टेशनचा अधिकारी, मुख्याधिकारी केंद्राच्या सेवेतला, आणि निम्मे सभासद लोकांनी निवडलेले. निदान कायद्यात तरी.

प्रत्यक्षात २०२१ पासून निवडून आलेलं बोर्डच नाही, मुदत संपली आणि तीन जणांचं बोर्ड बसलं, अध्यक्ष, मुख्याधिकारी आणि एक नेमलेला नागरिक. २०२३ च्या एप्रिलसाठी निवडणूक जाहीर झाली होती, पोस्टरं छापून झाली होती लोकांची, ती रद्द झाली. जीएसटी आल्यावर जकातीसारखं उत्पन्न गेलं ते गेलंच. सिव्हिल भाग महापालिकेत घालायची बोलणी इतकी वर्षं चाललीत की माझ्या दुकानासमोरचा चहावाला म्हणतो आमच्या नातवाच्या लग्नापर्यंत होईल.

पण एक सांगतो, रागावू नका. आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजचं झाकण तुटलं तर मला माहीत असतं कुठल्या बिल्डिंगीत जायचं. एकच बिल्डिंग. होतं की नाही ते वेगळं. तुमच्या फेज २ च्या ताईंना ते पण नशिबात नाही. काकूंच्या जावयाला मत नाही, मला मत आहे पण निवडणूक नाही, घ्या, फिट्टंफाट.

फेज३_आयटीवाला

हिंजवडीचं कोणी काढलं नाही अजून? राजीव गांधी आयटी पार्क एमआयडीसीचं, आजूबाजूची वस्ती ग्रामपंचायतीची, प्लॅनिंग पीएमआरडीएचं (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि पलीकडे वाकडला पूल ओलांडला की पिंपरी-चिंचवड महापालिका. एकाच रस्त्यावर पाऊस पडला की चार हद्दींत पडतो. आमच्या ऑफिसच्या बसमधे पैज लागते, आज ज्या खड्ड्यात बसलोय तो कुणाचा. मला सीडीडी द्या, मी वर्षाला २,३८० रुपये तर आत्ता देतो.

ह्यूस्टनवाली

रुपये म्हणालात म्हणून हसले 🙂

टेक्सासचं सांगते कारण इथे बऱ्याच जणांची मुलं इकडे पण आहेत. आमच्याकडे त्याला मड म्हणतात, म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. मूळ १९१७ च्या घटनादुरुस्तीत आहे. मुख्य काम पाणी आणि सांडपाणी, जिथे ह्यूस्टन शहराची लाईन पोचत नाही तिथे मड स्वतःची विहीर, टाकी, प्लांट काढतं. बोर्ड पाच जणांचंच, चार वर्षांची मुदत. मोठा फरक हा की फ्लोरिडात तो आकडा प्लॉटवर ठरतो, आमच्याकडे घराच्या किमतीवर टक्क्यासारखा लागतो, शंभर डॉलर किमतीमागे इतके सेंट. म्हणजे मूल्यांकन वाढलं की रेट तोच राहून बिल वाढतं. तुमच्या ओळखीतलं कोणी इकडे घर घेत असेल तर सांगा, मडची नोटीस करार व्हायच्या आधी विकणाऱ्याने द्यायची असते, रीसेलला सुद्धा, ती सही करायच्या आधी वाचा.

सुरुवातीच्या निवडणुकीचा प्रकार इथे आणखी भारी. मोकळ्या रानात एक-दोन ट्रेलर उभे करतात, त्यात चार माणसं राहायला येतात, मतदार होतात आणि ती चार माणसं कोट्यवधी डॉलरचे बॉन्ड मंजूर करतात. मग ट्रेलर जातो आणि आपण येतो.

पण वाईट पण वाटू देऊ नका. इकडे असले स्पेशल डिस्ट्रिक्ट म्हणजे रोजचंच, अख्ख्या अमेरिकेत २०२२ च्या मोजणीत ३९ हजारांच्या वर होते, आगीचे, डासांचे, लायब्ररीचे, स्मशानाचे सुद्धा. डिस्ने वर्ल्डचं स्वतःचं होतं १९६७ पासून, २०२३ मधे राज्याने त्याचं नाव बदललं आणि बोर्ड गव्हर्नरने नेमायचं केलं. त्यावरून केवढी कोर्टबाजी झाली.

फेज२_सेक्रेटरी

डासांचा पण डिस्ट्रिक्ट?? मी चालले तिकडे.

विद्या_कोथरूड

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोण सांगतं हल्ली. काल रात्री लेकीशी बोलले. तिने डिस्ट्रिक्टच्या वेबसाईटवर मॅनेजरचा पत्ता शोधून मेल टाकला, दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, बाकीचा आकडा, हप्त्यांचं वेळापत्रक आणि चालू वर्षाचं बजेट, सगळं जोडलेलं. एकोणीस हप्ते राहिलेत. एकरकमी भरायचे तर साधारण सतरा हजार डॉलर. जावई ते घेऊन विकणाऱ्याशी किमतीचं बोलायला बसलाय, आता त्याला सोसायटी मेंटेनन्सची आठवण येत नाही. बजेटमधे मी तळ्यांची ओळ शोधली, सात तळी आहेत म्हणे, आणि काठाच्या दुरुस्तीला या वर्षी काहीच ठेवलेलं नाही. हे चांगलं की वाईट?

आणि @तळ्याकाठचा, एक विचारायचं राहिलं. नातू तीन वर्षांचा आहे. घराच्या मागे तळं आहे. त्यात मगर असते का?

तळ्याकाठचा

काठाला शून्य म्हणजे वाईट, एक-दोन वर्षांत ओअँडएम वाढणार असं धरून चाला आणि ऑगस्टच्या सुनावणीला जावयाला पाठवा.

मगर असते काकू. पाणी दिसलं की आहेच असं समजायचं. चार फुटांच्या वरची धोक्याची वाटली तर राज्याचा फोन नंबर आहे, पकडणारा येतो, ते डिस्ट्रिक्टच्या बिलात नाही. तिला खायला घालायचं नाही, तो गुन्हा आहे. आणि मागे कुंपण आधी घाला, पण त्याला एचओएची परवानगी लागेल, रंगासकट.